मिरगाआधी व्हॅनच्या गिझरचं पाणी काढताना

आमच्या पेडणे तालुक्यात मे महिन्याचा शेवटचा आठवडा म्हणजे नुसती धावपळ. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची उन्हात, सोलं उन्हात, लाकडं मांगरात, म्हणजे आवारातल्या शेडमध्ये, भरायची राहिलेली, कौलं चाळणारा माणूस आज येतो उद्या येतो म्हणतोय, आणि मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, आठवड्यावर आलेला. या धावपळीत मी एक सबंध दिवस व्हॅनसाठी राखून ठेवतो. त्या दिवशी तिच्यातल्या गरम पाण्याच्या टाकीतलं पाणी काढायचं, टाकी धुवायची आणि वाळत ठेवायची. पुढचे चार महिने व्हॅन मांगरातून हलत नाही. त्या चार महिन्यांत टाकी टिकते की सडते, ते या एका दिवसावर ठरतं.

माझी व्हॅन म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. बोटीवरची फिटरची नोकरी संपवून घरी आलो तेव्हा मी आणि माझ्या भाच्याने मिळून ती आतून बांधली. पाण्याची टाकी, पंप, शेगडी, न्हाणी, सगळं हाताने बसवलं. भाच्याच्या मित्रांनीही पुढे आपापल्या व्हॅन बांधल्या, आणि आता दर मे महिन्यात त्यांचे फोन येतात. "मामा, पाणी काढायलाच हवं का? आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो.

प्रश्न रास्त आहे. व्हॅनच्या या गिझरबरोबर, म्हणजे वॉटर हीटरबरोबर, येणारी पुस्तकं थंड देशांसाठी लिहिलेली असतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भरलेली टाकी गोठली की तिची शिवण उसवते, नळ्या फुटतात. म्हणून तिकडची माणसं हिवाळ्याआधी टाकी रिकामी करतात. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे अंगावर चादर ओढावी एवढीच थंडी. गोठण्याची भीती शून्य. पण म्हणून पाणी तसंच ठेवलं तर चालतं असं नाही. आपल्याकडे घात होतो तो साचलेल्या कोमट पाण्याने.

हे मी शिकलो ते टाकी घालवून. पहिल्या वर्षी मी पाणी काढलं नाही. बोटीवर इतकी वर्षं काढलेला माणूस, पण घरी आल्यावर वाटलं, टाकी बंद आहे, आत हवा नाही, काय होणार? गणेश चवथ झाली, पाऊस ओसरला, व्हॅन बाहेर काढली आणि गरम पाण्याचा नळ सोडला. कुजलेल्या अंड्यासारखा वास आणि चहाच्या रंगाचं पाणी. बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, हे पाणी भांड्यांना पण लावू नका." टाकीचं पाणी काढायचा प्लग उघडला तर त्याच्या टोकाला असायला हवा तो मॅग्नेशियमचा दांडा जवळजवळ संपलेला, नुसती मधली तार राहिलेली. पुढच्या वर्षी त्याच टाकीच्या शिवणीवर घामासारखा एकेक थेंब दिसू लागला. टाकी गेली.

आई असती तर तिने विचारलं असतं, एवढं साधं कसं सुचलं नाही तुला? आमच्या न्हाणीत पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भाण होतं. चार दिवस घर बंद करून कुठे जायचं झालं तरी ती भाण रिकामं करायची, चिंचेने घासायची आणि कोरडं करून मगच दार ओढायची. साचल्या पाण्यात भांडं ठेवू नये, हे त्या घरात कोणी कोणाला शिकवत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं.

आत काय घडतं ते थोडं समजून घ्या, म्हणजे पुढची कामं कंटाळा न येता होतात. बर्‍याच हीटरची टाकी पोलादाची असते, आतून काचेसारखा लेप दिलेला. लेपाला कुठे ना कुठे बारीक चीर असतेच. पाणी तिथून पोलादाला खाऊ लागतं. ते होऊ नये म्हणून आत मॅग्नेशियमचा दांडा सोडलेला असतो. त्याला अ‍ॅनोड म्हणतात. मॅग्नेशियम पोलादाच्या आधी झिजतं, आणि ते झिजतंय तोवर पोलाद वाचतं. बोटीच्या बुडाला आम्ही जस्ताचे ठोकळे लावायचो ते याच कारणासाठी. ही युक्ती हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी मांडली. दोनशे वर्षं झाली, अजून तीच चालते. पण दांडा फक्त पाण्यात बुडालेला असतानाच काम करतो आणि काम करताना झिजतो. म्हणजे तुम्ही व्हॅन वापरत नसताना भरलेली टाकी तुमचा दांडा फुकट खात असते.

वासाचं कारणही हाच दांडा. बंद पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात, मॅग्नेशियम झिजताना सुटणारा हायड्रोजन त्यांना मिळतो, आणि कुजलेल्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो. पावसाळ्यात आपल्याकडे टाकीतलं पाणी पंचवीस-तीस अंशांवर महिनोन्‌महिने बसून राहतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तोवर कधीच उडालेलं असतं. चांदेलच्या प्रकल्पातून येणारं पाणी असो की घरच्या विहिरीचं, चार महिन्यांनी दोन्हींची गत एकच. विहिरीचं पाणी भरत असाल तर आणखी सावध राहा. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि थोडं आम्लाकडे झुकणारं असतं. भांड्यावर पांढरा थर कमी बसतो म्हणून ते चांगलं वाटतं, पण धातूला तेच जास्त खातं.

आणि एक गोष्ट तब्येतीची. लीजिओनेला नावाचा जिवाणू अशाच कोमट, थांबलेल्या पाण्यात वाढतो. तो प्यायल्याने त्रास देत नाही, शॉवरचे बारीक तुषार श्वासाबरोबर छातीत गेले की देतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका संमेलनाला आलेली माणसं न्यूमोनियाने दगावली, तेव्हा त्याचा शोध लागला. घरात म्हातारं माणूस किंवा दम्याचा रोगी असेल तर ही गोष्ट हलकी घेऊ नका.

हत्यारं आणि दिवस

फार काही लागत नाही. एक मोठा रॅचेट पाना आणि त्याला लावायचं योग्य मापाचं सॉकेट, टेफ्लॉन टेप, दोन बादल्या, बागेची नळी, जुनी सुती कापडं, मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, चिकटपट्टी आणि मार्कर. माझा हीटर सबर्बन कंपनीच्या पद्धतीचा आहे, ६ गॅलनचा, म्हणजे साधारण २२ लिटरचा. त्याच्या प्लगचं माप १ पूर्णांक १/१६ इंच. इंची सॉकेट शोधत मी म्हापशात दोन फेर्‍या मारल्या. मग हिशेब केला तर ते २७ मिलिमीटरला बरोबर बसतं, आणि २७ चं सॉकेट कुठल्याही ट्रकवाल्या गॅरेजमध्ये असतं. सहा कोनांचं घ्या. बारा कोनांचं सॉकेट जाम झालेल्या प्लगचे कोपरे गोल करतं, आणि एकदा कोपरे गेले की त्या प्लगशी भांडण फार महाग पडतं.

तुमचा हीटर अ‍ॅटवूड कंपनीच्या पद्धतीचा असेल तर टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते, प्लग नायलॉनचा आणि अ‍ॅनोड नसतो. तिथे अ‍ॅनोड घालायलाही जाऊ नका, त्या टाकीला तो नको असतो. नायलॉनचा प्लग हलक्या हाताने फिरवा. दर वर्षी नवा घातला तरी काही बिघडत नाही, किंमत किरकोळ असते. ट्रुमाचे युरोपी बॉयलर असतील तर त्यांना पाणी सोडण्याचा वेगळा व्हॉल्व्ह असतो, पाणी ३ अंशांच्या आसपास गारठलं की आपोआप उघडणारा. आपल्याकडे तो आपोआप कधीच उघडणार नाही, हाताने उघडायचा.

दिवस कोरडा, कडक उन्हाचा हवा. पहिल्या सरी येऊन गेल्यावर हे काम करू नका. जूनमधली हवाच इतकी ओली असते की टाकी रिकामी होते पण वाळत नाही. मी मे महिन्याच्या पुढे जात नाही.

पाणी काढण्याची पद्धत

आदल्या रात्रीपासून हीटर बंद. गॅसवर चालतो तर त्याचं बटण बंद, सिलिंडरची चावी बंद, आणि सिलिंडर गाडीतून काढून मोकळ्या हवेत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या तळाशी साठून राहतो. बंद मांगरात चार महिने सिलिंडर ठेवलेली गाडी मी माझ्या आवारात ठेवू देत नाही, मग ती कोणाचीही असो. विजेवर चालतो तर त्याचा ब्रेकर पाडा आणि वर चिकटपट्टी लावून लिहा, "टाकी रिकामी आहे, चालू करू नये". हे लिहायला विसरू नका. पाण्याशिवाय एलिमेंटला, म्हणजे आतल्या तापणार्‍या दांड्याला, वीज मिळाली तर तो मिनिटभरही टिकत नाही. व्हॅन आपलीच असली तरी मध्ये भाचा येतो, त्याचा मित्र येतो, कोणीतरी सहज बटण दाबतो.

रात्रभर थंड होऊ द्यायचं ते का, तर ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजून काढतं, आणि प्लग उघडताना तुमचा हात आणि तोंड दोन्ही त्याच्या समोर असतं. घाई असेल तर गरम पाण्याचा नळ सोडून थंड पाणी येईपर्यंत वाहू द्या. पण मला विचाराल तर रात्र जाऊ द्या.

सकाळी गाडी अशी उभी करा की हीटरची बाजू किंचित खाली राहील. विरुद्ध बाजूच्या चाकांखाली एकेक फळी पुरते. प्लगचं भोक टाकीच्या अगदी तळाशी नसतं, थोडं वर असतं. गाडी सपाट उभी असेल तर लिटर-दोन लिटर पाणी आणि सगळा गाळ तिथेच राहतो, आणि जो गाळ काढायला आपण बसलो तोच राहतो.

आता पंप बंद. बाहेरून नळाची नळी जोडलेली असेल तर ती काढा. आतले सगळे नळ उघडा, गरम आणि थंड दोन्ही, शॉवरसुद्धा. फुस्स आवाज येऊन धार बारीक होते आणि थांबते. याचा अर्थ दाब उतरला. हे केल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही. पंपाचा दाब वरकरणी थोडा वाटतो, पण त्या दाबाखाली सुटलेला प्लग बंदुकीच्या गोळीसारखा येतो. बोटीवर एका सहकार्‍याच्या हाताला अशाच प्लगने टाके पडलेले मी पाहिले आहेत. दाब उतरला याची खात्री म्हणजे उघडा, कोरडा नळ. दुसर्‍या कशावर विश्वास ठेवू नका.

बाहेरचं झाकण उघडून प्लगखाली बादली धरा आणि स्वतः बाजूला बसा, समोर नाही. रॅचेट डावीकडे. सुरुवातीला अडतो. मग झटका न देता अंगाचा भार हळूहळू टाका. तरीही हलला नाही तर आट्यांवर जरा गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास चहाला जा. सुटला की शेवटचे आटे हाताने फिरवा. पाणी येतं, पण बदाबदा येत नाही, गुडगुड करत येतं, कारण आत हवा जायला वाट नाही. आता वरच्या सुरक्षा व्हॉल्व्हची छोटी पितळी दांडी उचलून आडवी करा. लगेच धार मनगटाएवढी जाड होते. हा क्रम लक्षात ठेवा, आधी प्लग, मग वरची दांडी. दाब असताना दांडी उचललीत तर गरम पाणी अंगावर.

दांडा हातात आला की उन्हात धरून बघा. माझ्याकडे नवा दांडा वीतभर लांब आणि अंगठ्याएवढा जाड असतो, चंदेरी करडा, गुळगुळीत. एका हंगामानंतर त्याला वाळवी लागल्यासारखे खड्डे पडतात, कुठे जाड, कुठे पेन्सिलएवढा, आणि वर पांढरी भुकटी, जी नखाने खरवडली की चुन्यासारखी पडते. हे सगळं चांगलं लक्षण आहे. दांडा झिजतोय म्हणजे टाकी वाचतेय. दांडा नव्यासारखा कोरा निघाला तर मात्र काळजी करा. त्याचा टाकीच्या धातूशी संपर्क तुटलेला असू शकतो, बहुतेक वेळा कोणीतरी टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे दिलेले असतात. मल्टिमीटर असेल तर नवा दांडा बसवल्यावर प्लग आणि टाकीचा उघडा धातू यांच्यामध्ये संपर्क आहे ना ते तपासा. तीनचतुर्थांश झिजला असेल, किंवा मधली तार कुठे दिसू लागली असेल, तर बदला. अर्ध्यावर आला असेल तर मी तरीही बदलतो. टाकीच्या किमतीपुढे दांड्याची किंमत काहीच नाही.

पाणी थांबलं म्हणजे काम झालं असं नाही. बागेच्या नळीच्या तोंडाला बारीक पितळी नळी लावून ती भोकातून आत घाला आणि वर, खाली, मागे, दोन्ही कोपर्‍यांत फिरवा. पहिल्यांदा जे बाहेर येतं ते बादलीत नीट बघा. पांढर्‍या पापुद्र्यांचे तुकडे, गंजाचा लालसर गाळ, कधी मॅग्नेशियमचे मोडलेले खडे. दोन बादल्या स्वच्छ पाणी निघेपर्यंत सोडू नका. माझी पाचवी बादली स्वच्छ निघते.

बोअरवेलचं जड पाणी भरणार्‍यांच्या टाकीत खडक झाल्यासारखा थर बसतो. त्यांनी दांडा काढून साधा प्लग लावावा, अर्धं पांढरं व्हिनेगर आणि अर्धं पाणी टाकीत भरून रात्रभर ठेवावं, आणि दुसर्‍या दिवशी भरपूर पाण्याने धुवावं. एक सक्त ताकीद. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, एकापाठोपाठसुद्धा नाही. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो आणि व्हॅनसारख्या बंद जागेत तो जीव घेऊ शकतो.

टाकीपलीकडचं पाणी

अनेकजण टाकी रिकामी करतात आणि नळ्या विसरतात. गाडीच्या पाण्याच्या टाकीचा तळाचा कॉक उघडा. गरम आणि थंड नळ्यांच्या सगळ्यात खालच्या जागी एकेक कॉक असतो, तेही उघडा. माझ्या गाडीत ते पलंगाखाली आहेत, चटई उचलल्यावर दिसतात. पंप दहा-पंधरा सेकंद कोरडा चालवून त्याच्या पोटातलं पाणी बाहेर काढा, त्याहून जास्त नको. शॉवरची नळी खाली सोडा, नाहीतर तिच्या वळणात तांब्याभर पाणी राहतं. पाणी गाळायचा फिल्टर काढून त्याची कांडी टाकून द्या, चार महिने ओली ठेवलेली कांडी पुन्हा वापरू नका. हवेचा कॉम्प्रेसर मिळाला तर दाब २ बारच्या वर न नेता एकेक नळ उघडून नळ्या फुंकून काढा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब या नळ्यांच्या सांध्यांना सोसत नाही.

वाळवणं आणि झाकणं

इथे माझं मत पुस्तकांपेक्षा वेगळं आहे. तिकडचे लोक प्लग काढून ठेवतात आणि टाकी हिवाळाभर उघडी राहू देतात. त्यांची हवा कोरडी. आपल्या जुलैत हवा ओली आणि समुद्रावरून येणारी खारट. उघडी टाकी ती ओल चार महिने पीत राहते. म्हणून मी मेच्या उन्हात दोन दिवस टाकी उघडी ठेवतो, भोक आणि वरची दांडी दोन्ही मोकळी, भोकावर मच्छरदाणीची जाळी रबरबँडने बांधलेली. मग सुती कापड काठीला गुंडाळून आत जिथवर पोचेल तिथवर पुसतो. कापड कोरडं बाहेर आलं की जुना दांडा असलेला प्लग हाताने फिरवून बसवतो, पाना लावत नाही, आणि दांडी बंद करतो. नवा दांडा पिशवीत घालून स्टिअरिंगला टांगतो. व्हॅन चालू करायला बसलं की तो आधी हाताला लागतो.

ती दोन दिवसांची जाळीही टाळू नका. कुंभारीण माशीला असं भोक म्हणजे आयतं घर. एका वर्षी जाळी विसरलो तर दुसर्‍या दिवशी दुपारी आत चिखलाची एक कोठडी तयार होती. डासांनाही वाटीभर साचलेलं पाणी पुरतं.

गॅसच्या हीटरचं बर्नर याच वेळी झाका. कोळी त्याच्या नळीत जाळं विणतो, आणि ऑक्टोबरमध्ये ज्योत निळ्याऐवजी पिवळी, धुरकट येते. बाहेरच्या जाळीदार झाकणावर मी आतून कापड लावतो आणि त्यावर लाल दोरा बांधतो, म्हणजे ते काढल्याशिवाय कोणी पेटवणार नाही.

घरचा गिझर असेल तर

आपल्याकडे बांधलेल्या बर्‍याच व्हॅनमध्ये न्हाणीघरातला साधा विजेचा गिझर बसवलेला असतो, ६, १० किंवा १५ लिटरचा. बंद घरातला गिझरही तोच. त्याच्या दोन्ही नळ्या खालून येतात, पण गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकाकडून उचललं जातं. म्हणून गरम नळ कितीही वेळ उघडा ठेवला तरी टाकी रिकामी होत नाही. वीज बंद करा, आत येणार्‍या पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, आणि थंड पाण्याच्या बाजूच्या सुरक्षा व्हॉल्व्हची दांडी उचला. पाणी तिथून बाहेर पडेल. व्हॉल्व्हला दांडी नसेल तर थंड बाजूची नळीच सोडवावी लागते, खाली बादली धरून. यातही अ‍ॅनोड असतो, पण तो काढायला गिझरचं बूड उघडावं लागतं, आणि ते काम सवय नसलेल्याने करू नये.

हिमालयात जाणार्‍या मुलांना

भाचा एका डिसेंबरात मनालीकडे निघाला तेव्हा त्याला सांगितलं तेच इथे सांगतो. तिथे पुस्तकातलं सगळं लागू होतं. रात्री शून्याखाली जाणार असेल आणि हीटर चालू राहणार नसेल तर झोपण्याआधी टाकी आणि नळ्या रिकाम्या करा. नळ्यांत गोठणरोधक घालायचं तर ते पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठीचं, प्रॉपिलीन ग्लायकोलचं हवं, गुलाबी रंगाचं मिळतं. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकोल असतं आणि ते विष आहे. आणि त्याआधी हीटरचा बायपास, म्हणजे पाणी टाकीत न जाऊ देता बाहेरून वळवणारी चावी, फिरवून घ्या, नाहीतर २२ लिटरची टाकी भरेपर्यंत ते महागडं औषध त्यातच जाईल.

चवथीनंतर पुन्हा भरताना

लाल दोरा सोडा, कापड काढा, बर्नरची नळी ब्रशने साफ करा. नव्या दांड्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या, आधी हाताने फिरवा म्हणजे आटा वाकडा जाणार नाही, मग पान्याने घट्ट करा. जोर लावायची गरज नाही.

पाण्याची टाकी आणि नळ्या आधी जंतुमुक्त करा. १०० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं साधं ब्लीच १०० मिलिलिटर. बाटली ताजी घ्या, आपल्या उकाड्यात जुन्या ब्लीचचा जोर उतरतो. प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. या वेळी हीटरचा बायपास असा ठेवा की हीटरच्या टाकीत पाणी जाणार नाही. ब्लीच धातूच्या टाकीत जायला नको. नंतर बायपास फिरवून टाकी स्वच्छ पाण्याने भरा.

भरताना गरम नळ उघडा ठेवा. आधी नुसती हवा, मग थुंकल्यासारखं थोडं थोडं पाणी, मग सलग धार. सलग धार आली म्हणजे टाकी भरली, त्याआधी हीटर चालू करायचा नाही. गॅस जोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघा. मग प्लगभोवती कोरडं बोट फिरवा, हीटर पेटवा, अर्ध्या तासाने पुन्हा फिरवा. गरम झाल्यावर धातू थोडा हलतो, आणि थंड असताना न गळणारा आटा तेव्हा एखादा थेंब सोडतो. बोट कोरडं निघालं की झाकण लावतो आणि पहिली गरम बादली बायकोसाठी काढतो.